गुरूसारखा वायुग्रह पेट घेऊ शकतो का?

प्रश्न असा आहे की गुरू आणि शनी हे ग्रह प्रामुख्याने हायड्रोजनचे बनलेले आहेत, हायड्रोजन हा अत्यंत ज्वलनशील वायू आहे, या ग्रहांवर विजा कडाडतात, अधूनमधून धूमकेतूही येऊन आदळतात. मग एखाद्या ठिणगीने हे ग्रह पेट का घेत नाहीत, आणि पुढेमागे त्यांचा स्फोट होण्याची शक्यता आहे का? ग्रहांच्या वातावरणांचा अभ्यास करण्यात आणि तो शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि या काळात हा प्रश्न मला शाळकरी मुलांपासून निवृत्त अभियंत्यांपर्यंत अनेकांनी विचारला आहे. उत्तर नकारार्थी आहे. मात्र "तेथे ऑक्सिजन नाही" एवढ्या एका वाक्यात ते संपवण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला अपुरी वाटते, कारण त्या वाक्यामुळे ऐकणाऱ्याची अशी समजूत होते की कोणी ऑक्सिजन पुरवला तर गुरूचा बॉम्ब होईल. तसेही होणार नाही, आणि खरे तर प्रश्नाचा अधिक रंजक भाग तोच आहे.

आधी जळणे म्हणजे काय ते पाहू. त्यासाठी रसायनशास्त्राच्या वर्गात दाखवला जाणारा एक जुना प्रयोग फार उपयोगी पडतो. काचेची एक उभट बरणी शुद्ध हायड्रोजनने भरून ती तोंड खाली करून धरतात; हायड्रोजन हवेपेक्षा हलका असल्याने तो बरणीतच राहतो. मग तारेवर बसवलेली पेटती मेणबत्ती खालून हळूहळू वर नेतात. मेणबत्ती तोंडाशी पोहोचताच हायड्रोजन पेटतो, पण कुठे, तर फक्त बरणीच्या काठाशी, जिथे तो बाहेरच्या हवेला भेटतो. ही ज्योत इतकी फिकट असते की खोलीत अंधार केल्याशिवाय ती नीट दिसत नाही. मेणबत्ती आणखी आत सरकवली की ती विझते. ज्वलनशील वायूच्या ऐन मध्यात नेलेली ज्योत विझते, हे पाहून मुले दरवेळी चकित होतात. मेणबत्ती परत खाली आणताना काठावरच्या ज्योतीतून गेली की ती पुन्हा पेटते. बरणीत आधीपासून थोडी हवा मिसळलेली असेल तर मात्र हा शांत खेळ होत नाही, मोठा आवाज होऊन बरणी फुटू शकते. म्हणूनच प्रयोग करणारा आधी हायड्रोजनची शुद्धता तपासून घेतो. साध्या हवेत हायड्रोजनचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत असेल तरच ते मिश्रण पेट घेते. त्याहून जास्त हायड्रोजन असेल तर ठिणगी कितीही मोठी असो, ज्योत पसरत नाही.

गुरू हा या बरणीचा आतला भाग आहे, आणि त्याला हवेला लागलेला काठच नाही. त्याच्या वरच्या वातावरणात, रेणूंच्या संख्येने मोजले तर, सुमारे ८६ ते ९० टक्के हायड्रोजन असतो आणि उरलेला जवळजवळ सगळा हेलियम; मिथेन, अमोनिया, पाण्याची वाफ हे घटक अल्प प्रमाणात आढळतात. हेलियम कशाशीच संयोग पावत नाही, त्यामुळे तो जळत नाही आणि दुसऱ्याला जाळतही नाही. मुक्त ऑक्सिजन तेथे नाही.

पण मुक्त ऑक्सिजन नाही याचा अर्थ ऑक्सिजनचे अणूच नाहीत असा नव्हे. सूर्यमाला ज्या मेघातून घडली त्यात हायड्रोजन आणि हेलियम यांच्यानंतर सर्वाधिक प्रमाण ऑक्सिजनचे होते, आणि गुरूने त्यातला भरपूर वाटा उचलला. तो ऑक्सिजन पाण्याच्या रूपात आहे. जुनो यानाच्या निरीक्षणांवरून २०२० मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार गुरूच्या विषुववृत्ताजवळ वातावरणातील सुमारे ०.२५ टक्के रेणू पाण्याचे आहेत. पाणी म्हणजे हायड्रोजनची राखच. हायड्रोजनच्या एवढ्या प्रचंड साठ्यात ऑक्सिजनचा एखादा अणू मोकळा राहणे रासायनिकदृष्ट्या अशक्यप्राय असते, तो लगेच पकडला जातो. त्यामुळे गुरूवर जे काही जळण्यासारखे होते ते सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, ग्रह घडण्याच्या आधी आणि घडताना, जळून गेलेले आहे असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. पृथ्वीवरची परिस्थिती वेगळी वाटते ती वनस्पती आणि सूक्ष्मजीव सूर्यप्रकाशाच्या जोरावर पाणी फोडून ऑक्सिजन सतत मोकळा करत राहतात म्हणून. वणवा लागू शकतो असा ग्रह हाच मुळात अपवाद आहे.

विजांचे उत्तर यातच आले. गुरूवर विजा चमकतात हे व्हॉएजर १ यानाने १९७९ मध्ये दाखवले आणि २०१६ मध्ये गुरूपाशी पोहोचलेल्या जुनोने त्यांच्या नोंदी घेतल्या. वीज पडते तेथला वायू क्षणभर काही हजार अंशांपर्यंत तापतो, हायड्रोजनचे रेणू फुटून अणू सुटे होतात, आणि वायू निवताच ते अणू पुन्हा जोड्या करतात; फुटताना जेवढी ऊर्जा खर्च झाली तेवढीच जुळताना परत मिळते आणि शिल्लक काहीच राहत नाही. आगीला शिल्लक लागते, कारण त्या शिलकीवरच शेजारचा वायू पेटतो.

शनीचा उपग्रह टायटन हे याचेच दुसरे उदाहरण. तेथे द्रवरूप मिथेन आणि इथेनची सरोवरे आहेत, म्हणजे आपल्या भाषेत इंधनाची तळी. १४ जानेवारी २००५ रोजी ह्युजेन्स यान तेथील उणे १७९ अंश सेल्सिअसच्या जमिनीवर उतरले तेव्हा यानाच्या उबेने ओलसर जमिनीतून मिथेनची वाफ निघाल्याची नोंद त्याच्याच उपकरणांनी केली. आग लागण्याचा प्रश्नच नव्हता. टायटनवर शेगडी पेटवायची झाली तर नळीतून ऑक्सिजन सोडावा लागेल आणि तो सभोवतालच्या मिथेनमध्ये जळेल. तिथल्या रहिवाशांनी ऑक्सिजनलाच ज्वालाग्राही वायू म्हटले असते.

आता समजा, गुरूला ऑक्सिजन पुरवला. पृथ्वीच्या वातावरणात जेवढा ऑक्सिजन आहे, म्हणजे सुमारे १२ लाख अब्ज टन, तो सगळाच्या सगळा गुरूच्या ढगांवर ओतला आणि काडी लावली, असे धरू. १ किलो हायड्रोजन जळण्यासाठी ८ किलो ऑक्सिजन लागतो, तेव्हा या साठ्यात सुमारे दीड लाख अब्ज टन हायड्रोजन जळेल. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण गुरूमधील एकूण हायड्रोजनच्या तुलनेत तो दहा अब्जांमधला एक भाग भरतो. निघणारी उष्णता किती? १ किलो हायड्रोजन जळाला की सुमारे १४ कोटी जूल ऊर्जा मिळते. या हिशेबाने मिळणारी एकूण उष्णता म्हणजे गुरू आपल्या पोटातून एरवीही अवकाशात सोडत असलेल्या उष्णतेचा साधारण दीड वर्षाचा साठा. पृथ्वीवरच्या सगळ्या जीवसृष्टीचा श्वास खर्ची घालून आपण गुरूला दीड वर्षाची ऊब देऊ शकलो, एवढेच.

गुरूचा सगळा हायड्रोजन जाळायचा तर किती ऑक्सिजन लागेल हेही पाहू. गुरूचे वस्तुमान ३१८ पृथ्वींएवढे आहे आणि त्यातला सुमारे सत्तर-बहात्तर टक्के भाग हायड्रोजनचा धरला तर त्याच्या आठपट म्हणजे अंदाजे १,८०० पृथ्वींच्या वस्तुमानाएवढा ऑक्सिजन हवा. हा ऑक्सिजन स्वतः गुरूच्या पाच-सहा पट जड होईल. अशा वेळी "गुरूला आग लागली" हे म्हणणेही चुकीचे ठरेल, कारण तोवर गुरू हा त्या महाकाय ऑक्सिजन-ग्रहातला एक छोटा घटक होऊन बसलेला असेल.

यापुढचा हिशेब मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वस्तुमानाची अडचण बाजूला ठेवू आणि एक काल्पनिक ग्रह घेऊ: आकार आणि वस्तुमान अगदी गुरूएवढे, पण तो संपूर्णपणे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या अचूक स्फोटक मिश्रणाचा बनलेला. याहून वाईट ग्रह कल्पनेतही आणता येत नाही. त्याला ठिणगी लावली तर तो फुटून त्याच्या चिंधड्या उडतील का? प्रत्येक किलो मिश्रणातून सुमारे १.६ कोटी जूल ऊर्जा बाहेर पडेल. पण ग्रह फोडायचा म्हणजे त्याचा प्रत्येक किलो त्याच्याच गुरुत्वाकर्षणाच्या पकडीतून सोडवून दूर नेऊन टाकायचा, आणि गुरूच्या बाबतीत त्यासाठी प्रत्येक किलोमागे सरासरी किमान १०० कोटी जूल लागतात. म्हणजे गरजेच्या साठाव्या भागाएवढीही ऊर्जा मिळत नाही. दुसऱ्या बाजूनेही हेच दिसते. हायड्रोजन-ऑक्सिजन मिश्रणातील स्फोटाची लाट सेकंदाला सुमारे २.८ किलोमीटर वेगाने जाते, तर गुरूच्या ढगांपासून कायमचे सुटून जायला सेकंदाला सुमारे ६० किलोमीटर वेग लागतो. उडालेला प्रत्येक लोट परत खालीच येणार. तो ग्रह तापेल, काहीसा फुगेल, लालबुंद होऊन दीर्घकाळ निवत राहील आणि शेवटी पाण्याचा एक प्रचंड ग्रह शिल्लक राहील. पूर्ण गुरूचे विघटन करायला लागणारी एकूण ऊर्जा लिहायची तर २ वर ३६ शून्ये द्यावी लागतात; सूर्याने आपली संपूर्ण शक्ती, कोणत्याही दिशेने वाया न घालवता, १७० वर्षे या एकाच कामाला लावली तर ते जेमतेम साधेल.

स्फोट या शब्दाची आपली कल्पना सिलिंडर, फटाके, दारूगोळा यांवरून तयार झालेली असते. तेथे वायूला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे एक पातळ भिंत, आणि भिंत फाटली की सगळे संपले. ग्रहाला भिंत नसते, ग्रहाचे वजन हीच त्याची भिंत, आणि ती ग्रहाच्या आकाराबरोबर जाड होत जाते. ढोबळ हिशेब केला तर असे निघते की ज्या गोलाचा मुक्तिवेग, म्हणजे त्यापासून कायमचे सुटून जायला लागणारा वेग, सेकंदाला सुमारे ७ किलोमीटरपेक्षा कमी आहे, तोच या मिश्रणाच्या जोरावर स्वतःला पूर्णपणे फोडू शकेल. मंगळाच्या आकार-वस्तुमानाचा असा गोल फुटेल, कारण त्याचा मुक्तिवेग ५ किलोमीटर आहे. पृथ्वीएवढा गोलसुद्धा तग धरेल. गुरूचा तर विषयच नको.

यावर कोणी १९९४ च्या जुलै महिन्याची आठवण काढतो, आणि ती काढणे योग्यच आहे. शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू आधीच गुरूच्या भरतीबलाने, म्हणजे जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरील ओढीतल्या फरकाने, तुटून त्याची माळ झाली होती, आणि १६ ते २२ जुलै या काळात तिचे वीसहून अधिक तुकडे एकापाठोपाठ एक गुरूवर कोसळले. अग्निगोल दिसले, तापलेल्या वायूचे लोट ढगांच्या वर सुमारे ३,००० किलोमीटर उंच गेले, आणि १८ जुलैला 'जी' हा तुकडा पडला तेथे सुमारे १२,००० किलोमीटर रुंदीचा, म्हणजे जवळजवळ पृथ्वीएवढा, काळा डाग उमटला. तो साध्या दुर्बिणीतूनही दिसत होता. या एका तुकड्याची ऊर्जा ६० लाख मेगाटन टीएनटीइतकी असावी असा अंदाज प्रचलित आहे.

हा अग्निगोल म्हणजे आग नव्हती. सेकंदाला ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या पदार्थाच्या प्रत्येक किलोत सुमारे १८० कोटी जूल गतिज ऊर्जा असते, म्हणजे तो १ किलो बर्फ किंवा दगड ४३० किलो टीएनटीच्या बरोबरीचा असतो, मग तो स्वतः ज्वलनशील असो वा नसो. त्याच्या जागी १ किलो शुद्ध ऑक्सिजन पडला असता आणि तो सगळा गुरूच्या हायड्रोजनमध्ये जळला असता, तरी जळण्यातून मिळालेली भर पावणेदोन कोटी जूलची, म्हणजे पडण्याच्या ऊर्जेच्या जेमतेम एक टक्का. गुरूवर कोणतीही वस्तू टाकली तरी तिच्या रसायनापेक्षा तिचे पडणेच शंभरपट महत्त्वाचे ठरते. शिवाय धूमकेतूने आणलेला ऑक्सिजन बहुतांशी बर्फात आणि खडकात बांधलेला होता, म्हणजे तोही आधीच जळलेला. हर्शेल अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०१३ मध्ये दिसून आले की गुरूच्या उंच वातावरणातले पाणी मुख्यत्वे याच धूमकेतूने आणून टाकलेले आहे. 'जी' तुकड्याची सगळी ऊर्जा गुरूच्या स्वतःच्या उष्णतेच्या हिशेबात मांडली तर ती सुमारे पंधरा तासांची भरते. काळे डाग वाऱ्यांनी पसरले आणि काही महिन्यांत पुसट होऊन गेले.

याच प्रश्नाची एक अधिक भीतिदायक आवृत्ती दोनदा फिरली. गॅलिलिओ यान २१ सप्टेंबर २००३ रोजी गुरूच्या वातावरणात आणि कॅसिनी यान १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीच्या वातावरणात मुद्दाम पाडण्यात आले. युरोपा, एन्सेलेडस आणि टायटन या उपग्रहांवर पृथ्वीवरचे जंतू चुकूनही पोहोचू नयेत, हे त्यामागचे कारण होते. दोन्ही यानांवर विजेसाठी प्लुटोनियम-२३८ होते. ते दाबाखाली चिरडले जाईल, अणुस्फोट होईल, त्या स्फोटाने हायड्रोजन पेटेल आणि ग्रहाचा तारा होईल, असे सांगितले जात होते. या साखळीतली एकही कडी टिकत नाही. हे प्लुटोनियम बॉम्बसाठी वापरले जाणारे प्लुटोनियम-२३९ नव्हे, ८७.७ वर्षे अर्धायुष्य असलेला, सावकाश उष्णता देणारा हा समस्थानिक असतो, आणि तो ऑक्साइडच्या टणक वड्यांच्या रूपात अनेक स्वतंत्र कवचांमध्ये विभागून ठेवलेला असतो. अणुस्फोटासाठी पदार्थ सेकंदाच्या लाखाव्या भागात सर्व बाजूंनी सारखा दाबला जावा लागतो, आणि वातावरणात शिरणारे यान त्याऐवजी घर्षणाने तापून विरघळते आणि विखुरते. पण समजा, बॉम्बच पडला. आजवरचा सर्वांत मोठा, ३० ऑक्टोबर १९६१ रोजी सोव्हिएत संघाने केलेला स्फोट सुमारे ५० मेगाटनांचा होता. धूमकेतूचा 'जी' तुकडा त्याच्या १ लाख २० हजार पट होता आणि गुरूने तो पचवला. प्रयोग निसर्गाने आधीच करून ठेवलेला होता.

अणुबॉम्बने वातावरण पेटेल का ही शंका मुळात पृथ्वीविषयी घेतली गेली होती, आणि कोनोपिन्स्की, मार्विन व टेलर या भौतिकशास्त्रज्ञांच्या १९४६ च्या अहवालात तिचे उत्तर मिळाले: तापलेला वायू प्रारणाच्या रूपात ऊर्जा इतक्या झपाट्याने गमावतो की केंद्रकीय अभिक्रिया स्वतःच्या बळावर पुढे पसरू शकत नाही. गुरूवर तर इंधनही सोयीचे नाही. हायड्रोजन बॉम्बमध्ये जो हायड्रोजन वापरतात तो ड्यूटेरियम आणि ट्रिटियम हे जड प्रकार. गुरूवर ड्यूटेरियमचे प्रमाण हायड्रोजनच्या सुमारे ४० हजार अणूंमागे एक एवढे आहे, आणि बाकीचा साधा हायड्रोजन हे तर अत्यंत आळशी इंधन आहे. सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंशांहून अधिक आहे, तरी तेथला एखादा प्रोटॉन दुसऱ्या प्रोटॉनशी संमीलन पावायला, म्हणजे जुळून एक केंद्रक व्हायला, सरासरी काही अब्ज वर्षे घेतो. सूर्याच्या अगदी केंद्रातही दर घनमीटरमागे जेमतेम पावणेतीनशे वॅट शक्ती निर्माण होते, म्हणजे पाला-पाचोळा कुजत असलेल्या खताच्या ढिगाच्या तोडीची. सूर्य तळपतो तो त्याच्या आकारमानामुळे, अभिक्रियेच्या तडफेमुळे नव्हे.

मग गुरूचा तारा का झाला नाही? तापमान कमी म्हणून, आणि तापमान कमी ते वस्तुमान कमी म्हणून. वायूचा गोल आकुंचन पावतो तसा तापत जातो, परंतु पदार्थ पुरेसा दाटला की इलेक्ट्रॉन आणखी जवळ यायला नकार देतात. हा विरोध उष्णतेमुळे होत नाही, तो पुंजयामिकीच्या, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरील भौतिकशास्त्राच्या, नियमांमुळे होतो, त्यामुळे गोल निवला तरी तो कायम राहतो आणि आकुंचन थांबते. गुरूच्या गाभ्यातले तापमान २० हजार केल्विनच्या आसपास येऊन अडले आहे, आणि तेथून दीड कोटीचा पल्ला कोणत्याही ठिणगीने गाठता येणार नाही, कारण ठिणगीपाशी तापलेला भाग शेजारच्या वायूत निवून जाईल. ताऱ्याला टिकण्यासाठी किती वस्तुमान हवे, याचे गणित भारतीय वंशाचे खगोलशास्त्रज्ञ शिव कुमार यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस मांडले. आज ही मर्यादा गुरूच्या सुमारे ७५ ते ८० पट मानली जाते. १३ पटींच्या वर गेलेले गोल आपले थोडेसे ड्यूटेरियम जाळून टाकतात आणि मग निवत जातात; त्यांना तपकिरी बटू म्हणतात. सूर्यमालेतले इतर सर्व ग्रह गोळा करून गुरूवर ओतले तरी एकूण भरते १.४ गुरू.

येथे एक गंमत सांगायला हवी. वस्तुमान ऐंशीपट झाले म्हणून गोल ऐंशीपट मोठा होत नाही. २०१७ मध्ये जाहीर झालेला ईबीएलएम जे०५५५-५७एबी हा तारा गुरूच्या सुमारे ८५ पट जड आहे आणि आकाराने शनीपेक्षा किंचितच मोठा आहे. म्हणजे गुरूला तारा करायचे झाले तर तो फुगवावा लागणार नाही, तेवढ्याच जागेत आणखी ऐंशी गुरू दाबून बसवावे लागतील. आणि एवढे करूनही भडका उडणार नाहीच. अशा लहान ताऱ्यांना आकुंचन पावत पावत संमीलनाच्या बळावर स्थिरावायला कोट्यवधी वर्षे लागतात, आणि अभिक्रिया थोडी वाढली की गोल थोडा प्रसरण पावतो, निवतो आणि अभिक्रिया पुन्हा मंदावते. तारा "पेटतो" असे आपण म्हणतो खरे, पण तो क्षण बाहेरून पाहणाऱ्याला दिसणारच नाही.

गुरूमधून उष्णता बाहेर येते हे वर दोनदा आले, तेव्हा तिचा उगम सांगतो, नाहीतर आत काहीतरी धुमसते आहे अशी शंका राहील. गुरू सूर्यापासून जेवढी उष्णता शोषतो तिच्या सुमारे दुप्पट बाहेर टाकतो. कॅसिनीने गुरूजवळून जाताना घेतलेल्या मोजमापांवरून त्याची स्वतःची उष्णता दर चौरस मीटरला सुमारे ७.५ वॅट निघते. ही त्याच्या जन्माची उष्णता आहे: वायू आणि धूळ कोसळून ग्रह घडताना जी ऊर्जा मुक्त झाली ती अजून निवते आहे, आणि अत्यंत संथ आकुंचनाने तिच्यात भर पडते आहे. शनीच्या पोटात हेलियमचे थेंब हायड्रोजनमधून खाली ओघळत जातात आणि त्या पडण्यातूनही उष्णता सुटते. हिशेबाची वही दोन्हीकडे गुरुत्वाकर्षणाचीच.

आगीपेक्षाही तप्त असे वायुग्रह इतर ताऱ्यांभोवती सापडले आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणी पेटलेला नाही. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या केल्ट-९बी या ग्रहाच्या दिवसाच्या बाजूचे तापमान सुमारे ४,६०० केल्विन आहे. हायड्रोजन शुद्ध ऑक्सिजनमध्ये जळतानाची ज्योतसुद्धा एवढी तापत नाही. अशा उष्णतेत हायड्रोजनचे रेणू तुटून अणू होतात आणि पाण्याचा रेणूही तग धरत नाही, म्हणजे जळण्याची क्रिया तेथे उलट्या दिशेने चालते. तापमान वाढवत नेले की शेवटी आग लागेलच, हा आपला घरगुती अनुभव तेथे लागू पडत नाही.

वायुग्रह नष्ट होतात ते अन्य मार्गांनी. एचडी २०९४५८बी या ग्रहाच्या वातावरणातून हायड्रोजन अवकाशात निसटत असल्याचे २००३ मध्ये हबल दुर्बिणीने दाखवले. सेकंदाला किमान १० हजार टन, असा तेव्हाचा अंदाज होता. या गतीने अब्जावधी वर्षांतही त्याच्या वस्तुमानाचा एक टक्काही कमी होणार नाही. वास्प-१२बी हा ग्रह आपल्या ताऱ्याभोवती सुमारे २६ तासांत एक फेरी पूर्ण करतो आणि त्याचा हा काळ दर वर्षी सुमारे २९ मिलिसेकंदांनी कमी होतो आहे. तीसेक लाख वर्षांत तो आपल्या ताऱ्यात जाऊन पडेल. असा शेवट होताना एकदा दिसलाही आहे. २०२० मध्ये गरुड तारकासमूहात, सुमारे १२ हजार प्रकाशवर्षे अंतरावरचा एक तारा काही दिवसांतच शंभरपट तेजस्वी झाला आणि मग सावकाश मंदावत गेला. सूर्यासारख्या ताऱ्याने आपला ग्रह गिळला, असा त्याचा अर्थ २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि जेम्स वेब दुर्बिणीच्या पुढच्या निरीक्षणांवरून असे दिसते की तारा फुगून ग्रहापर्यंत आला नव्हता, तर कक्षा आवळत आवळत ग्रहच ताऱ्यात उतरला. तो प्रकाशही जळण्याचा नव्हता. घसरत्या ग्रहाने मुक्त केलेली गुरुत्वीय ऊर्जा आणि त्या धक्क्याने बाहेर फेकला गेलेला वायू यांचे ते तेज होते. त्या वायूतून पुढे धूळ तयार झाली आणि ती अवरक्त प्रकाशात चमकत राहिली. ग्रहाचा बाकीचा हायड्रोजन न जळताच ताऱ्याच्या बाह्य थरांत मिसळून गेला.